आत्ता नाही तर कधीच नाही : बळाचा हिशेब आणि युद्धाचा निर्णय



आजचा विषय जड आहे. राष्ट्रं युद्ध करायचं की नाही, हे कसं ठरवतात? आपलं बळ किती आणि समोरच्याचं किती, या तुलनेचा त्या निर्णयात वाटा किती असतो? देशाच्या आयुष्यात याहून महागडा निर्णय दुसरा नसतो. त्याची किंमत सीमेवरच्या जवानापासून खेड्यातल्या त्याच्या म्हाताऱ्या आईपर्यंत सगळे मोजतात. म्हणून हा विषय सेनापतींवर आणि मंत्र्यांवर सोडून देता येत नाही. तो आपलाही आहे.

लहानपणापासून आपल्या मनात एक सोपं उत्तर बसलेलं असतं. बलवान चढाई करतो, दुबळा मार खातो. म्हणून बलवान व्हा, म्हणजे कोणी वाटेला जाणार नाही. हे उत्तर खोटं नाही. पण ते अपुरं आहे. इतिहास उघडला की उलटीच उदाहरणं समोर येतात. १९४१ साली जपान अमेरिकेवर चालून गेला. त्या वेळी अमेरिका जपानच्या सुमारे दहापट पोलाद तयार करत होती. १९६५ साली पाकिस्ताननं भारताशी युद्ध उकरून काढलं. भारत लोकसंख्येनं मोठा, भूभागानं मोठा, सैन्याच्या संख्येनंही मोठा. १९७३ साली इजिप्तचं सैन्य सुएझ कालवा ओलांडून इस्रायली फौजेवर तुटून पडलं. याच इस्रायलनं सहा वर्षांपूर्वी इजिप्तचं हवाई दल काही तासांत जमिनीवरच उद्ध्वस्त केलं होतं.

तिन्ही ठिकाणी कमी बळ जास्त बळावर चालून गेलं. का? ही माणसं अविचारी होती का? त्यांना आकडे ठाऊक नव्हते का? आकडे त्यांच्या टेबलावर होते. त्यांनी हिशेब केला होता, नीट बसून केला होता. तो हिशेब कसा मांडला जातो, हेच मला आज सांगायचं आहे. चार मुद्दे घेतो आणि शेवटी आपल्यासाठी त्यांतून काय निघतं, ते मांडतो.

पहिला मुद्दा असा की, बळ मोजलं जातं त्यापेक्षा जास्त ते मानलं जातं.

रणगाडे मोजता येतात, विमानं मोजता येतात, पलटणी मोजता येतात. समोरच्याची जिद्द मोजता येत नाही. तो किती सोसेल, किती दिवस टिकेल, कुठवर जाईल, हे कोणत्या कोष्टकात बसवणार? तिथं अंदाज येतो. आणि अंदाज आला की पूर्वग्रह येतो, जुन्या लढाईची आठवण येते, स्वतःबद्दलचा गर्व येतो.

१९६२ आठवा. चिनी फौजा नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) आणि लडाखमध्ये घुसल्या असताना भारताचं हवाई दल हल्ल्यासाठी वापरलंच गेलं नाही. माल आणि माणसं वाहण्यापुरतंच ते राबलं. कारण काय, तर चीन कलकत्त्यासारख्या शहरांवर बॉम्ब टाकेल ही भीती. तिबेटमधले विमानतळ मोजके होते. इतक्या उंचावरून, विरळ हवेतून उडणाऱ्या विमानाला फारसा भार उचलता येत नाही. हे गणित त्या वेळीही करता आलं असतं. पण घबराटीत ते झालं नाही. हातात असलेलं बळ आपण आपल्याच मनात शून्य धरलं आणि ते खरोखरच शून्य ठरलं.

त्या पराभवाच्या दिवसांत यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा अवघा महाराष्ट्र म्हणाला. २१ नोव्हेंबर १९६२ला त्यांनी संरक्षणमंत्रीपदाची शपथ घेतली. चीननं एकतर्फी युद्धबंदी पुकारली, ते हेच दिवस. पराभूत सैन्य पुन्हा उभं करण्याचं काम त्यांच्या वाट्याला आलं. १९६४मध्ये पाच वर्षांची संरक्षण योजना पुढे आली. सव्वाआठ लाखांचं भूदल, डोंगराळ मुलखात लढणाऱ्या दहा नव्या डिव्हिजन, ४५ स्क्वाड्रनचं हवाई दल, अशी ती योजना होती.

आता पाकिस्तानच्या लष्करी मुख्यालयात, रावळपिंडीत बसून हेच चित्र कसं दिसत होतं, ते पाहा. १९५४च्या करारापासून अमेरिकेनं पाकिस्तानला पॅटन रणगाडे दिले होते, सेबर विमानं दिली होती, आवाजाच्या दुप्पट वेगाची स्टारफायटर दिली होती. समोर भारत, चीनकडून हरलेला. नेहरू मे १९६४मध्ये गेलेले. त्यांच्या जागी लालबहादूर शास्त्री. अंगानं लहान, आवाजानं मृदू. १९६५च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात चकमकी झाल्या. तो मुलूख भारताला लढायला गैरसोयीचा होता, म्हणून दिल्लीनं तिथलं भांडण वाढवलं नाही आणि ब्रिटिश मध्यस्थीनं युद्धबंदी झाली. भारताच्या दृष्टीनं हा सारासार विचार होता. पाकिस्तानच्या दृष्टीनं तो दुबळेपणाचा पुरावा ठरला. पाकिस्तानचे अध्यक्ष अयूबखान यांनी ऑगस्टच्या अखेरीस आपल्या सेनापतीला जे निर्देश दिले, त्यांत योग्य जागी, योग्य वेळी दोनचार कडक तडाखे बसले की हिंदूंचं मनोधैर्य टिकत नाही, असा विश्वास लिहिलेला आहे.

श्रोतेहो, हे वाक्य एका फील्ड मार्शलचं आहे. हा मनुष्य ब्रिटिश हिंदी सेनेत भारतीय अधिकाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून वाढला होता. त्यानं तोफा मोजल्या त्या बरोबर मोजल्या. माणसं मोजली ती चुकीची मोजली. आणि युद्धाचा निर्णय तोफांच्या मोजणीवर जितका उभा होता, त्याहून जास्त तो या चुकीच्या मोजणीवर उभा होता.

दुसरा मुद्दा आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे, म्हणून त्यावर जरा जास्त थांबतो. राष्ट्रं आजच्या बळापेक्षा उद्याच्या बळाला भितात.

अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात सत्तावीस वर्षं युद्ध चाललं. थ्यूसिडिडीस या ग्रीक इतिहासकारानं त्याचं मूळ कारण सांगितलं, ते अथेन्सचं वाढतं सामर्थ्य आणि त्यामुळे स्पार्टाच्या मनात बसलेली धास्ती. त्याचा रोख अथेन्सच्या वाढीवर होता, हे लक्षात घ्या. अथेन्स बलाढ्य आहे एवढ्यानं स्पार्टा उठला नाही. अथेन्स रोज वाढतो आहे, या जाणिवेनं उठला.

१९१४च्या जर्मनीत हेच घडलं. जर्मन लष्कर तेव्हा युरोपात कोणालाही भारी होतं. मग घाई कसली? रशियानं सैन्यवाढीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला होता आणि तो १९१७पर्यंत पुरा व्हायचा होता. फ्रान्सच्या कर्जातून रशियाचे लष्करी लोहमार्ग जर्मन सरहद्दीच्या दिशेनं सरकत होते. जर्मन जनरल स्टाफचा प्रमुख मोल्टके १९१२पासूनच म्हणत होता की, युद्ध व्हायचंच असेल तर जितक्या लवकर तितकं बरं. सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या खुनानं ठिणगी पडली. पण ती विझवायला बर्लिन पुढे आलं नाही, याचं एक मोठं कारण कॅलेंडरवरचं १९१७ हे साल होतं.

आणि जपान! जपानची गोष्ट तर दोनदा घडलेली आहे. १९०४ साली रशिया सैबेरियातून पॅसिफिकपर्यंत रेल्वे नेत होता. बैकल सरोवराभोवतीचा तुकडा तेवढा बाकी होता. तो जोडला गेला की रशियाला युरोपातलं सैन्य सलग गाडीनं मांचुरियात आणता येणार होतं. जपाननं वाट पाहिली नाही. फेब्रुवारी १९०४मध्ये युद्ध पुकारण्याआधीच पोर्ट आर्थरवर हल्ला केला आणि पुढच्या वर्षी युद्ध जिंकलं. साऱ्या आशियाला त्या विजयाचा आनंद झाला. आपल्या लोकमान्यांच्या पिढीलाही झाला. पण त्या विजयानं जपानी सेनापतींच्या मनात एक धडा कोरला गेला: मोठ्या शत्रूला वेळेआधी गाठलं, तर तो नमतो.

१९४१मध्ये हाच धडा जपानच्या मुळावर आला. जपान चीनमध्ये अडकला होता, इंडोचायनात शिरला होता. जुलैअखेर अमेरिकेनं त्याच्या ठेवी गोठवल्या आणि तेल बंद केलं. जपानचं सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून येत होतं. साठा संपला की आरमार बंदरात कुजणार. दुसरीकडे अमेरिकेनं जुलै १९४०मध्येच आपलं आरमार प्रचंड वाढवण्याचा कायदा केला होता. ती जहाजं गोद्यांमध्ये बांधली जात होती. दोनतीन वर्षांत ती पाण्यात उतरली की जपानी आरमाराला अमेरिकेच्या जवळपासही उभं राहता येणार नव्हतं. म्हणजे एका बाजूनं आपलं तेल घटतंय, दुसऱ्या बाजूनं शत्रूची जहाजं वाढताहेत. प्रत्येक महिना जपानला खाली ढकलतोय. मग टोकियोत कोणत्या शब्दांत चर्चा झाली असेल? आत्ता नाही तर कधीच नाही.

इथं एक प्रसंग सांगतो, कारण तो विसरता येत नाही. त्याच उन्हाळ्यात टोकियोत एका सरकारी संस्थेत निरनिराळ्या खात्यांतले आणि सैन्यदलांतले निवडक तरुण अधिकारी एकत्र बसवले होते. त्यांनी एक नकली मंत्रिमंडळ तयार केलं आणि अमेरिकेशी युद्ध झालं तर काय होईल, याचा महिना-महिन्याचा हिशेब कागदावर मांडला. तेल किती येईल, जहाजं किती बुडतील, कारखाने किती दिवस चालतील. निष्कर्ष निघाला पराभवाचा. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी तो प्रत्यक्ष मंत्रिमंडळापुढे ठेवला. तेव्हाचे युद्धमंत्री तोजो यांनी तो ऐकला आणि ही नुसती टेबलावरची कसरत आहे, रशियाशी लढताना तरी आपण जिंकू असं कोणाला वाटलं होतं, अशा अर्थाचं उत्तर दिलं. दीड महिन्यानं तोजो पंतप्रधान झाले. डिसेंबरमध्ये पर्ल हार्बर झालं. त्या हल्ल्याची आखणी करणारे संयुक्त आरमाराचे सेनापती यामामोटो यांनीही आधीच बजावलं होतं की, सहा महिने ते वर्षभर मी धुमाकूळ घालीन, त्यापुढची खात्री मला नाही.

आकडे होते. आकडे सांगणारी माणसं होती. त्यांचं म्हणणं मंत्र्यांच्या कानापर्यंत पोचलंही होतं. पण घड्याळाची टिकटिक आकड्यांपेक्षा मोठ्यानं ऐकू येत होती.

आता पुन्हा १९६५कडे या. भारताची पाच वर्षांची योजना १९६४ला सुरू झालेली. ती पुरी झाली की पाकिस्तानची अमेरिकी शस्त्रांची आघाडी पुसली जाणार, हे कोणालाही दिसत होतं. परराष्ट्रमंत्री भुत्तो यांनी मे १९६५मध्ये अयूबखानांना पत्र लिहून नेमका हाच मुद्दा मांडला: आज शस्त्रांच्या दर्जात आपण वरचढ आहोत, भारताची तयारी चालू आहे, वेळ जाईल तशी ही संधी जाईल. ज्या योजनेनं भारत सुरक्षित व्हायचा होता, त्याच योजनेनं पाकिस्तानला घाई केली!

यातून जो निष्कर्ष निघतो, तो मला आज सर्वांत महत्त्वाचा वाटतो. राष्ट्र दुबळं असतं तेव्हा त्याला धोका असतो, हे खरं. राष्ट्र सज्ज झालं की धोका कमी होतो, हेही खरं. पण या दोहोंच्या मधला काळ, सज्ज होण्याचा काळ, सर्वांत जास्त धोक्याचा असतो. शेजाऱ्याला दिसत असतं की हा आता उठतो आहे, अजून उठलेला नाही. पेरणी झाली पण कुंपण घातलं नाही, अशा शेतासारखी त्या देशाची अवस्था असते.

आणि हा घड्याळाचा धाक चढाई करणाऱ्यालाच असतो असं नाही. पानिपत आपल्याला काय सांगतं? उदगीरच्या विजयानं, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी सदाशिवराव भाऊंचा विश्वास वाढवला होता. ऑक्टोबर १७६०मध्ये कुंजपुरा घेतला. त्याच सुमारास अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि दिल्लीची वाट तुटली. पुढचे अडीच महिने मराठी फौज पानिपतच्या खंदकाआड बसली. रसद बंद. गोविंदपंत बुंदेले रसद जमवताना डिसेंबरात मारले गेले. जनावरं मरत होती, माणसं उपाशी, सोबत हजारो बाजारबुणगे आणि बायकापोरं. १४ जानेवारी १७६१ला फौज बाहेर पडली ती जिंकण्याची खात्री होती म्हणून नव्हे. आणखी आठ दिवसांनी लढायलाही बळ उरणार नाही म्हणून. त्या सकाळी भाऊंपुढे निवड उरली नव्हती. निवड होती ती ऑक्टोबरात, आणि ती तेव्हाच हातातून निसटली होती. बळ घटत चाललं की निर्णय माणूस घेत नाही, परिस्थिती घेते.

तिसरा मुद्दा. एकूण बळ वेगळं आणि ठरावीक जागचं, ठरावीक वेळचं बळ वेगळं. दुबळा पक्ष युद्ध सुरू करतो तेव्हा त्याला वाटत असतं की हे युद्ध मी ठरवीन तिथंच राहील, मी ठरवीन तेवढंच होईल.

इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांना आपल्या देशाची कमजोरी पक्की ठाऊक होती. इस्रायलचं हवाई दल आपल्याला पेलणार नाही, हे त्यांनी गृहीतच धरलं. मग त्यांनी उद्दिष्ट लहान केलं. कालवा ओलांडायचा, पलीकडे काही किलोमीटर पट्टी धरायची, आणि रशियन क्षेपणास्त्रांच्या छत्राबाहेर जायचं नाही. बस्स. इस्रायली गुप्तचरांचं गृहीतक असं की, लांब पल्ल्याची विमानं हाती आल्याशिवाय इजिप्त लढणार नाही. त्यांनी एकूण बळ मोजलं होतं. ६ ऑक्टोबर १९७३च्या दुपारी इजिप्तच्या इंजिनीअरांनी पंपांनी कालव्याचंच पाणी उपसून पलीकडच्या उंच वाळूच्या तटबंदीवर जोरदार फवारे मारले. स्फोटकांनी ज्या कामाला फार वेळ लागला असता, ते पाण्यानं काही तासांत केलं. तटाला खिंडारं पडली, पूल टाकले गेले, सैन्य पार झालं. पुढे १४ ऑक्टोबरला तेच सैन्य क्षेपणास्त्रांच्या छत्राबाहेर पडलं आणि त्याचे रणगाडे मोठ्या संख्येनं जळाले. रणांगणावर शेवटी पारडं इस्रायलकडे झुकलं. पण कोंडी फुटली होती. कॅम्प डेव्हिडचा करार झाला आणि १९८२मध्ये सिनाई इजिप्तला परत मिळालं. सादातनी बळ कमी असताना युद्ध केलं, पण उद्दिष्टही बळाएवढंच ठेवलं.

पाकिस्ताननं १९६५मध्ये हेच करून पाहिलं. ऑगस्टमध्ये काश्मिरात घुसखोर पाठवले. लोक उठतील असा अंदाज होता, लोक उठले नाहीत. उलट स्थानिकांनीच घुसखोरांची खबर दिली. मग १ सप्टेंबरला छांबमध्ये रणगाडे घातले. रोख अखनूरच्या पुलावर. तो पूल गेला असता, तर जम्मूच्या पश्चिमेकडच्या आपल्या फौजा तुटल्या असत्या. छांबचा तुकडा पाकिस्तानच्या सोयीचा होता. तिथं त्यांचे पॅटन आणि आपले हलके रणगाडे. गृहीतक असं की भारत काश्मीरपुरतंच लढेल, आंतरराष्ट्रीय सरहद्द ओलांडणार नाही.

त्या दिवशी दुपारी दिल्लीत संरक्षणमंत्र्यांच्या दालनात लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग आले. विमानांशिवाय छांब टिकत नाही, असं त्यांनी सांगितलं. उन्हं कलायला लागलेली. अंधार पडायला फार वेळ नव्हता. मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट पाहायची, तर संध्याकाळ गेली असती. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. त्यांत जुनी व्हॅम्पायर विमानं होती, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जन्मलेली. त्यांतली चार पडली. किंमत मोठी होती. पण १९६२मध्ये जे बळ वापरलंच गेलं नाही, ते १९६५मध्ये तासाभरात वापरलं गेलं. दोन निर्णयांमध्ये तीन वर्षांचं अंतर होतं. तेवढ्या काळात विमानं फारशी बदलली नव्हती. आपल्या बळाकडे पाहण्याची दृष्टी बदलली होती.

६ सप्टेंबरला शास्त्रीजींच्या सरकारनं सैन्याला लाहोरच्या दिशेनं सरहद्द ओलांडायला सांगितलं. पाकिस्ताननं आखलेली चौकट त्या एका निर्णयानं मोडली. छांबवरचा दाब उतरला. खेमकरणजवळ असल उत्तरला पाणी सोडलेल्या शेतांत, उसाच्या फडांत पॅटन रुतले. जे रणगाडे या युद्धाच्या निर्णयामागचा मोठा आधार होते, त्यांचं तिथं भंगार झालं. लोकांनी त्या जागेला पॅटननगर म्हटलं.

१९९९चं कारगिल हीच चूक नव्या रूपात होती. मे १९९८मध्ये दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या होत्या. मोठं युद्ध आता अशक्य, म्हणजे छोटं युद्ध सुरक्षित, असा हिशेब शिखरांवर माणसं पाठवणाऱ्या पाकिस्तानी सेनापतींनी केला. भारतानं नियंत्रण रेषा ओलांडली नाही, पण शिखरं एकेक करून परत घेतली. अण्वस्त्रांनी बळाचा हिशेब संपवलेला नाही. तो अधिक अवघड केला आहे, आणि चुकीची किंमत अमर्याद केली आहे.

चौथा मुद्दा शेवटचा. बळाच्या हिशेबात न लढणं हाही एक निर्णय असतो, आणि तो सर्वांत कठीण असतो.

जून १६६५. मिर्झाराजे जयसिंग पुरंदरला वेढा घालून बसलेले. किल्लेदार मुरारबाजी पडलेले. शिवाजीराजांनी तह केला. २३ किल्ले दिले, १२ राखले. स्वराज्याच्या पोटातून काढून दिलेले किल्ले! त्या दिवशी राजांच्या माणसांना काय वाटलं असेल? पण राजांनी हिशेब केला तो एका वेढ्याचा नव्हता, पुढच्या वर्षांचा होता. औरंगजेबाच्या साम्राज्याचं एकूण बळ प्रचंड, पण ते कायम पुरंदरच्या पायथ्याशी राहू शकत नाही. आपली माणसं वाचली, तर किल्ले परत येतील. १६७०मध्ये सिंहगडापासून ते परत यायला लागले. आत्ता नाही तर कधीच नाही, असं राजे म्हणाले नाहीत. आत्ता नाही, पण पुढे नक्की, असं त्यांच्या कृतीनं सांगितलं.

१९७१मध्ये दिल्लीनं हेच केलं. मार्चअखेर पूर्व बंगालात अत्याचार सुरू झाले. लाखो निर्वासित सरहद्द ओलांडून आले. लगेच फौज घाला, असा संसदेत आणि वृत्तपत्रांत दबाव होता. लष्करप्रमुख जनरल माणेकशांनी थांबायला सांगितलं. पावसाळ्यात पूर्व बंगालच्या नद्या समुद्रासारख्या होतात, सैन्याची तयारी अपुरी आहे, आणि हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बर्फानं बंद झाल्या की चीनला खाली उतरणं अवघड जाईल. इंदिरा गांधींनी ते ऐकलं. हे ऐकणं सोपं नव्हतं. छावण्यांत लोक मरत होते आणि थांबण्याची किंमत तेच मोजत होते, हे विसरून चालणार नाही. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. घड्याळ या वेळी भारताच्या बाजूनं चालत होतं, आणि ते ओळखणारी माणसं निर्णयाच्या जागी होती. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्ताननंच आपल्या विमानतळांवर हल्ले केले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सही झाली आणि सुमारे ९३ हजार जण शरण आले.

मित्रहो, चार मुद्दे एकत्र बांधतो. बळ मोजलं जातं त्यापेक्षा मानलं जास्त जातं. आजच्या बळापेक्षा उद्याच्या बळाची धास्ती राष्ट्रांना युद्धाकडे ढकलते. दुबळा पक्ष लढतो तो युद्ध आपल्या चौकटीत राहील या विश्वासावर. आणि वेळ आपल्या बाजूला असेल, तर थांबणं हेच बळ असतं.

मग आपल्यासारख्या देशानं काय करायचं? सज्ज व्हायचं, यात वाद नाही. पण सज्ज होताना तीन गोष्टी सोबत चालल्या पाहिजेत. एक, आपण काय सहन करणार नाही, हे आधी आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं पाहिजे. शास्त्रीजींनी कच्छनंतर संसदेत तसं बजावलं होतं, पण रावळपिंडीनं ते मनावर घेतलं नाही. म्हणजे सांगणं पुरत नाही, समोरच्याला ते पटेल अशी तयारी दिसली पाहिजे. दोन, सज्जतेच्या मधल्या वर्षांत राजनीतीला जास्त राबवलं पाहिजे. शस्त्रं यायला वर्षं लागतात. तेवढा काळ मैत्री, करार आणि संवाद यांनीच भरून काढावा लागतो. तीन, प्रतिस्पर्ध्याला मागे सरकायला वाटच उरू नये अशी कोंडी करताना दहादा विचार केला पाहिजे. ज्याचा उद्या बंद होतो, तो आज उठतो. जपाननं चीनमध्ये जे केलं त्याला क्षमा नाही, आणि तेल बंद करण्यामागची अमेरिकेची भूमिकाही समजण्यासारखी आहे. पण त्या निर्णयानंतर हल्ल्याची शक्यता वाढली होती, आणि पर्ल हार्बर त्यासाठी जागं नव्हतं.

आणि आपण, नागरिकांनी काय करायचं? देशात युद्धाची भाषा सुरू झाली की आपण तीन प्रश्न विचारायचे. समोरच्याच्या जिद्दीबद्दलचा हा अंदाज कशावर आधारलेला आहे? थांबलो तर बळ वाढतं की घटतं, हे कोणी मोजलं आहे का? आणि युद्ध आपण आखलेल्या रेषेच्या बाहेर गेलं, तर पुढे काय? हे प्रश्न विचारणारा देशद्रोही नसतो. टोकियोतल्या त्या तरुण अधिकाऱ्यांनी नेमके हेच प्रश्न विचारले होते. त्यांचं ऐकलं गेलं असतं, तर लाखो जपानी, चिनी, अमेरिकी आणि आग्नेय आशियातली माणसं जगली असती.

सैन्य बलवान असावं, हे मी पूर्ण मनानं म्हणतो. पण सैन्याच्या बळाइतकंच बळ प्रश्न विचारणाऱ्या समाजाचं असतं. राज्यकर्त्यांच्या टेबलावर आकडे नेहमीच असतात. ते आकडे घाईच्या आवाजाखाली दबू न देणं, हे काम सेनापतींचं आहे, मंत्र्यांचं आहे आणि तितकंच तुमचं-माझं आहे. ते काम शांततेच्या काळातच करावं लागतं, कारण रणगाडे हलायला लागल्यावर प्रश्न विचारायला कोणालाच सवड नसते.